सगळे दिवे एकदम लागले, तेव्हा आधी बॅटरी बघा

पत्र: ताई, कॉलेजात असल्यापासून मनात असलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार मी दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. गाडी आता आठ वर्षांची आहे, महिन्यातून एक-दोनदाच बाहेर निघते. गेल्या तीन महिन्यांपासून चालत्या गाडीत डिजिटल मीटर मधेच काळा पडतो आणि आठ-दहा सेकंदांनी परत येतो. मधली टचस्क्रीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते. एकदा तीन आठवड्यांनी गाडी काढली तेव्हा एअरबॅग, ब्रेक, गिअरबॉक्स, स्टिअरिंग असे सगळे दिवे एकदम लागले आणि दुसऱ्या दिवशी आपोआप गेले. कंपनीच्या वर्कशॉपने स्कॅन करून सांगितलं की मीटर आणि स्क्रीनचं युनिट दोन्ही बदलावी लागतील, वर कोडिंगचा खर्च वेगळा. हे इस्टिमेट गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत जातंय. मित्र म्हणतो, भंगारातल्या गाडीचा मीटर आणून बसव. भाऊ म्हणतो, विकून मोकळा हो. बायकोला आकडा अजून सांगितलेला नाही, धीर होत नाही. काय करू?

उत्तर:

प्रिय वाचक,

इस्टिमेटवर अजून सही केली नसेल तर आठवडाभर करू नका. गाडी जुनी आहे, खर्च मोठा आहे आणि आठ दिवसांनी त्यात काही वाढ होणार नाही. मात्र वेगाचा आकडा चालत्या गाडीत दिसेनासा होतोय, तोवर ती रस्त्यावर काढू नका. वर्कशॉपपर्यंत न्यायची वेळ आली तर दिवसाउजेडी, सावकाश न्या.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं: तीन आठवड्यांनी गाडी काढली आणि सगळे दिवे एकदम लागले. गाड्यांचे मीटर आणि कंट्रोल युनिट टेबलावर उघडून दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम आहे. असं वाक्य कानावर आलं की मी मीटरकडे बघतच नाही, आधी बॅटरीकडे बघते. एअरबॅग, ब्रेक, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग या चार वेगळ्या यंत्रणा आहेत. चारही एकाच सकाळी बिघडल्या आणि दुसऱ्या दिवशी चारही आपोआप बऱ्या झाल्या, असं होत नाही. त्या चौघींचं जे सामायिक आहे तिथे काहीतरी गडबड झाली, आणि सामायिक गोष्टी तीनच असतात: वीज, अर्थिंग (म्हणजे विजेचा बॅटरीकडे परतीचा रस्ता) आणि आपसात बोलायची तार. मीटर आणि स्क्रीन ही दोन वेगळी युनिट एकाच तिमाहीत त्रास द्यायला लागली, हेही त्याच दिशेला बोट दाखवतं. दोन्ही खरोखर एकदम मेली असतील, असंही होऊ शकतं. पण ते सगळ्यात शेवटी मानायचं.

आता मीटर नेमकं काय करतो ते सांगते, कारण इस्टिमेट वाचताना याचाच उपयोग होईल. जुन्या गाड्यांत प्रत्येक दिव्याला, प्रत्येक काट्याला स्वतःची तार असायची. बॉशने १९८६ साली कॅन बस नावाची पद्धत जगापुढे ठेवली आणि पुढे ती जवळजवळ प्रत्येक गाडीत आली. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारा, आणि त्यांवर इंजिन, ब्रेक, गिअरबॉक्स, दरवाजे, एअरबॅग अशा सगळ्या युनिटांचे निरोप फिरत राहतात. तुमचा मीटर हे निरोप ऐकतो आणि चित्र काढून दाखवतो. गावात दवंडी पिटणारा असायचा, तसं समजा. दवंडी बंद पडली म्हणून तोच आजारी असेल असं नाही. त्याच्यापर्यंत निरोपच आला नसेल.

स्कॅनरने बहुधा यू अक्षराने सुरू होणारे कोड दाखवले असतील. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, सी म्हणजे चॅसी, बी म्हणजे बॉडी, आणि यू म्हणजे नेटवर्क. यू०१५५ हा कोड अशा तक्रारीत नेहमी भेटतो. त्याचा अर्थ एवढाच की दुसऱ्या कुणाला तरी मीटरचा आवाज ऐकू आला नाही. का आला नाही, हे कोड सांगत नाही. मीटर मेला म्हणून, मीटरला वीज मिळाली नाही म्हणून, तार तुटली म्हणून, की त्या क्षणी बॅटरी इतकी खाली गेली की मीटरने स्वतःला पुन्हा सुरू केलं म्हणून? हा कोड वाचून थेट ‘मीटर बदला’ असं लिहिणं म्हणजे शोध जिथे सुरू व्हायला हवा तिथेच तो संपवणं. स्कॅनचे पैसे तुम्ही दिले आहेत. त्या पैशांत कारण कळायला हवं होतं, तुम्हाला फक्त भागांची यादी मिळाली.

म्हणून बॅटरीपासून सुरुवात करा. साधा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं छोटं यंत्र, घ्या. गाडी रात्रभर लॉक करून उभी ठेवा आणि सकाळी काहीही चालू न करता बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजा. स्पोर्ट्स कारमध्ये बॅटरी कधी मागच्या डिकीत असते, कधी पुढच्या बॉनेटखाली झाकणाआड. मॅन्युअलमध्ये जागा दाखवलेली असते. १२.६ किंवा वर दिसलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ च्या आसपास असेल तर अर्धी. १२ च्या खाली असेल तर ती जवळपास रिकामी आहे. मग दुसऱ्या कुणाला तरी गाडी स्टार्ट करायला सांगा आणि सेल्फ फिरताना आकडा किती खाली येतो ते बघा. ९.६ च्या खाली उतरला तर बॅटरी संशयित. सेल्फ फिरतो त्या एक-दोन सेकंदांत युनिटांना पुरेशी वीज मिळाली नाही की कुणी गप्प होतं, कुणी स्वतःला रिस्टार्ट करतं, आणि बाकीचे ‘त्याचा आवाज येत नाही’ अशी नोंद करून आपापला दिवा लावतात. तुमच्या त्या सकाळी बहुधा हेच झालं. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७ दिसायला हवं. नव्या गाड्यांत अल्टरनेटरचं चार्जिंग कंट्रोल युनिट कमी-जास्त करतं, त्यामुळे आकडा मधेच थोडा उतरला तर लगेच घाबरू नका.

व्होल्ट बरोबर दिसले तरी बॅटरी कमजोर असू शकते, म्हणून तिची लोड टेस्टही, म्हणजे भार टाकून ती किती तग धरते ही तपासणी, करून घ्या. आणि तिच्यावर तारीख बघा. चार-पाच वर्षांची झाली असेल आणि त्यातली बरीच गाडी उभी असण्यात गेली असतील, तर ती तिचं आयुष्य जगली आहे.

उभ्या गाडीबद्दल थोडं जास्त बोलते, कारण स्पोर्ट्स कारचं निम्मं दुखणं इथलंच असतं. लॉक केलेली गाडी पूर्ण झोपत नाही. अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, ट्रॅकर असं काहीबाही थोडी थोडी वीज ओढत राहतं. हा करंट ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर सहसा ठीक मानतात. पण हिशेब करून बघा: ५० मिलिअँपिअर, दिवसाचे २४ तास, ३० दिवस, म्हणजे ३६ अँपिअर-अवर. ७० अँपिअर-अवरची बॅटरी काहीही बिघाड नसताना महिन्याभरात अर्धी रिकामी होते. लेड-अॅसिड बॅटरी अशी अर्धवट रिकामी पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि तिची क्षमता कायमची घटते. ज्या गाडीवर सर्वात जास्त जीव असतो ती आपण कमीत कमी बाहेर काढतो, आणि तीच या कारणाने आजारी पडते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की प्रत्येक वेळी वाईट वाटतं. तुमच्या बॅटरीच्या जातीला चालेल असा मेंटेनर चार्जर (उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणारा) लावून ठेवलात तर हा प्रश्न उरत नाही. बॅटरी एजीएम (अॅसिड काचेच्या तंतूंच्या थरात शोषून ठेवलेली) असेल तर चार्जरवर तसं लिहिलेलं हवं.

बॅटरी बदलावी लागली, तर काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरने कंट्रोल युनिटमध्ये करावी लागते. नाहीतर गाडी तिला जुनी समजूनच चार्ज करत राहते. बदलणाऱ्याला हे आधी विचारा.

बॅटरी उत्तम निघाली तर पुढचा संशय अर्थिंगवर. एकदा माझ्याकडे एक मीटर आला, तो त्या गाडीतला तिसरा होता. आधीचे दोन एका वर्कशॉपने बदलले होते आणि तक्रार तशीच होती. मी तो टेबलावर दोन दिवस चालू ठेवला, एकदाही मिटला नाही. मग गाडीच बोलावली. डॅशबोर्डच्या मागे अर्थच्या बोल्टखाली गंज धरला होता. बोल्ट काढला, पत्रा घासून चकचकीत केला, परत आवळला, आणि काम झालं. मालकाचा चेहरा अजून आठवतो; आनंद कमी आणि दुःख जास्त होतं, कारण दोन मीटरचे पैसे तर गेलेच होते. हे तपासायला भाग उघडावे लागतात, पण मोजमाप सोपं आहे: सगळं चालू असताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि मीटरच्या कनेक्टरमधली अर्थची पिन यांच्यात व्होल्ट मोजायचे. ०.१ च्या वर दिसलं तर वाटेत कुठेतरी जोड खराब आहे. वीज देणाऱ्या फ्यूजचंही तसंच. फ्यूज ‘चांगला दिसतो’ एवढ्यावर कुणाला थांबू देऊ नका. त्याच्या दोन्ही बाजूंना, लोड असताना, व्होल्ट मोजलेले हवेत.

याच टप्प्यावर पायाखालची मॅट उचलून गालिचा दाबून बघा. ओल आहे का? छत उघडणारी गाडी असेल तर पाण्याच्या निचऱ्याच्या नळ्या पानांनी बुजतात, पाणी आत उतरतं आणि नेमकं खाली बसवलेल्या युनिटवर किंवा वायरिंगच्या जोडावर जातं. कनेक्टरच्या पिनेवर हिरवट थर दिसला की कारण सापडलं.

मग नेटवर्कची तार. या दोन तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून गाडी बंद आणि बॅटरी काढलेली असताना दोन तारांमध्ये ६० ओहमच्या आसपास दिसायला हवं. १२० दिसलं तर एक टोक तुटलंय. स्कॅनर लावतात त्या सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर हे मोजता येतं. मात्र आजच्या बऱ्याच गाड्यांत त्या सॉकेटच्या मागे गेटवे, म्हणजे निरोप इकडून तिकडे पोचवणारं मधलं युनिट, असतो आणि मीटरची तार त्याच्या पलीकडे वेगळी असते. तिथे मीटरच्याच कनेक्टरवर मोजावं लागतं. हे काम घरी करायचं नाही, ऑटो इलेक्ट्रिशियनला करू द्या. डॅशबोर्डभोवतालच्या पिवळ्या कनेक्टरना तर तुम्ही मुळीच हात लावायचा नाही. ती एअरबॅगची वायरिंग आहे. आणि एअरबॅगचा दिवा पुन्हा लागून तसाच राहिला, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्याचं बघा, कारण तो दिवा लागलेला असताना धडकेत एअरबॅग उघडेलच याचा भरवसा नसतो.

हे सगळं तपासूनही दोष सापडला नाही, तर मात्र मीटरच. तेव्हाही ‘बदलणं’ हा एकच रस्ता नाही, आणि यासाठीच मला तुमच्या पत्राला एवढं लांब उत्तर द्यावंसं वाटलं.

उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डचा पृष्ठभाग तासाभरात ७० अंशांच्या आसपास तापतो. रात्री थंड होतो. दिवसामागून दिवस हे आकसणं-फुगणं सोसून बोर्डावरचे सोल्डरचे जोड तडकतात, कपॅसिटर सुकतात किंवा गळतात, पडद्याला जोडलेली चपटी रिबन सैल होते. या तिन्ही गोष्टी भिंग, सोल्डरिंग आयर्न आणि सबुरी असलेल्या माणसाला दुरुस्त करता येतात. तुमचा मीटर आजवर कधी मिटला ते आठवून लिहून ठेवा: गाडी थंड असताना, अर्ध्या तासाने तापल्यावर, की खड्ड्यातून जाताना? तापल्यावर मिटणं आणि धक्क्याने मिटणं ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि तुमची ही वही दुरुस्त करणाऱ्याचा अर्धा दिवस वाचवेल. मीटर काळा पडला की शेजारी बसलेल्याला पडद्यावर तिरका टॉर्च मारायला सांगा. एलसीडी पडदा असेल आणि अंधुक चित्र दिसलं, तर मीटर जिवंत आहे, फक्त मागचा प्रकाश गेलाय. चित्र अजिबात नसेल तर वीज किंवा बोर्ड.

टचस्क्रीनच्या युनिटचं आणखी एक दुखणं असतं. त्यातल्या फ्लॅश मेमरीवर ठरावीक वेळाच लिहिता येतं. सॉफ्टवेअर रोज नोंदी लिहीत राहिलं की ती झिजते आणि युनिट अडकायला, पुन्हा पुन्हा सुरू व्हायला लागतं. टेस्लाने २०२१ साली अमेरिकेत मॉडेल एस आणि मॉडेल एक्सच्या सुमारे १,३५,००० गाड्या याच कारणासाठी रिकॉल केल्या, म्हणजे फुकट दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्यांत ८ जीबीची मेमरी भरत-झिजत गेली की मधली स्क्रीन बंद पडत होती. तुमची गाडी कुठल्याही कंपनीची असो, चॅसी नंबर टाकून तिच्यावर रिकॉल किंवा वाढीव वॉरंटी आहे का ते कंपनीकडून लेखी घ्या. आठ वर्षांच्या गाडीचं कोण विचारतं असं समजून बरेच लोक हे विचारतच नाहीत. सुरक्षेच्या रिकॉलमध्ये गाडी कितव्या मालकाकडे आहे हे बघत नाहीत.

तुमच्या मित्राचा सल्ला आता. भंगारातला मीटर स्वस्त मिळेल, पण तो थेट बसत नाही. मीटरच्या मेमरीत धावलेले किलोमीटर असतात, बऱ्याच गाड्यांत चॅसी नंबर असतो, काहींत इमोबिलायझरची (चुकीच्या चावीने गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) गुपितंही असतात. आउडीसारख्या गाड्यांत तर कंपनीच्या सर्व्हरवरून परवानगी मिळाल्याशिवाय दुसऱ्या गाडीचं युनिट नीट कामच करत नाही. त्यातून कुणी जोडून दिलाच, तर किलोमीटरचा आकडा दुसऱ्या गाडीचा दिसेल. तो खऱ्या आकड्याला आणणं आणि त्याची लेखी नोंद ठेवणं तुमची जबाबदारी आहे. ‘आणलाच आहे तर थोडा कमी करून देतो’ असं म्हणणारा भेटला, तर तिथून गाडी उचला. ती पुढच्या घेणाऱ्याची फसवणूक आहे. शिवाय तो मीटरही तेवढीच उन्हं सोसून आलेला असतो.

याउलट स्वतःचाच मीटर काढून, बोर्ड दुरुस्त करून परत बसवला, तर किलोमीटर, चावी, कोडिंग सगळं जागच्या जागी राहतं. मी असते तर हाच रस्ता धरला असता. दुरुस्त करणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: टेबलावर मीटर तापवून, थंड करून किती तास चालवून बघणार, मेमरीची प्रत आधी काढून ठेवणार का, आणि कामाची हमी किती महिन्यांची. या प्रश्नांवर चिडणारा माणूस नको. पडद्याच्या थरांत हवा शिरून डाग पडलेत, किंवा मुख्य प्रोसेसरच गेलाय, असं असेल तर चांगला माणूस स्वतःच सांगेल की इथे बदलण्याशिवाय इलाज नाही. तेव्हा ते ऐका.

वर्कशॉपवर राग धरू नका, असंही मला सांगायचंय. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बोर्ड उघडायची सोय सहसा नसते. त्यांना भाग बदलायलाच शिकवलेलं असतं, आणि नव्या भागाला ते हमी देऊ शकतात. पण परत जाल तेव्हा हातात कागद मागा. कोड पुसण्याआधीची स्कॅनची प्रिंट, प्रत्येक कोड कधी आणि किती व्होल्टला नोंदला गेला त्यासकट. बॅटरी, फ्यूज आणि अर्थ मोजले का, आणि आकडे काय आले. आणि सर्वात महत्त्वाचं: मीटर बदलूनही तक्रार राहिली तर नव्या मीटरचे पैसे कोण भरणार, हे जॉब कार्डवर लिहून. या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना माणसं पुन्हा एकदा नीट तपासतात. नवा भाग टाकायचाच ठरलं तर प्रोग्रॅमिंग करताना बॅटरीला स्थिर वीजपुरवठा जोडलेला असल्याची खात्री करा. अर्ध्यावर वीज खाली गेली तर नवं युनिट तिथेच निकामी होऊ शकतं. जुना मीटर परत घ्यायला विसरू नका, बदल्यात द्यायची अट नसेल तर तो तुमचा आहे.

विकण्याबद्दल: हा दोष लपवून विकू नका, आणि दोष न शोधता विकूही नका. सगळे दिवे लागलेली गाडी घेणारा माणूस सर्वात वाईट शक्यता धरून भाव पाडतो, तेव्हा बॅटरीच्या दोषासाठी तुम्ही दोन युनिटांची किंमत गमावाल. आधी कारण शोधा. मग विकायची की ठेवायची हे डोकं शांत ठेवून ठरवा.

आणि आज संध्याकाळी बायकोला सांगा. पूर्ण आकडा सांगा, इस्टिमेटचा कागद समोर ठेवा, आणि हेही सांगा की कदाचित एवढा खर्च येणारच नाही. तुम्ही तीन महिने त्या काळ्या पडद्याची काळजी एकट्याने वाहताय, आणि घरात कुणीतरी गप्प-गप्प आहे हे तिला दिसत असणार. कॉलेजपासूनचं स्वप्न आहे म्हणालात. ते तिलाही माहीत असेलच. शिवाय सेल्फ मारायला आणि मल्टिमीटर धरायला दोन माणसं लागतातच.

रात्रभर उभ्या गाडीचा व्होल्टेज आणि सेल्फ फिरतानाचा सगळ्यात खालचा आकडा, हे दोन मला कळवा. बॅटरीवरची तारीखही. पुढचं त्यावरून सांगते.

तुमची,
ताई